शेजाऱ्याला गवत ठेवायचे सरकारी पैसे? सीआरपीवाली ४० एकर जमीन घ्यावी का (आयोवा)

देमॉइनकर

नमस्कार मंडळी, इथे मिडवेस्टातले किंवा शेतीवाले कोणी असतील तर जरा मार्गदर्शन करा. मी देमॉइनला आयटीत आहे, दोघांचंही ग्रीन कार्ड झालंय, बायकोच्या डोक्यात कधीपासून शेत घ्यायचं आहे, तिकडे भारतात एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाने आली तर गोष्ट वेगळी, आमच्या वाट्याला भावकी आली, जमीन नाही), म्हणून म्हटलं इथेच बघू. तर दक्षिणेला, मिझुरीच्या हद्दीपासून फार लांब नाही अशा एका काउंटीत ४० एकर बघितलंय. चढउताराची जमीन आहे, खाली ओढा, वरच्या १५-१६ एकरात सोयाबीन आणि उरलेल्या २३ एकरात नुसतं गवत.

ब्रोकर म्हणाला की ते गवत म्हणजे 'सीआरपी', सरकारशी करार आहे, एकरी १४८ डॉलर दरवर्षी ऑक्टोबरात खात्यावर येतात आणि तुम्हाला काहीच करायचं नाही. करार ३० सप्टेंबर २०३० पर्यंत आहे. काहीच करायचं नाही म्हटल्यावर मला जरा धडकीच भरली, कारण जिथे काहीच करायचं नसतं तिथे नंतर सगळं आपल्यालाच करावं लागतं असा अनुभव आहे.

घरी येऊन शोधलं तर एनव्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुपच्या डेटाबेसमध्ये काउंटीवार याद्याच निघाल्या, १९९५ पासून कोणाला किती अनुदान मिळालं ते नावासकट! संवर्धनाचे पैसे वेगळे, पिकाचे वेगळे. ज्यांच्याकडून घेतोय त्या आजींचं नाव आहे, पलीकडच्या शेजाऱ्याचंही आहे, आणि दोघा-तिघांची नावं अशी की पत्ता शिकागोचा आणि पैसे इथल्या गवताचे. आता प्रश्न असे: हे पैसे नक्की कशाचे? जमीन घेतली की करार आपोआप माझ्या नावावर येतो का? आणि २०३० नंतर काय? शिवाय थोडं नैतिक कुतूहल, न पेरण्याचे पैसे घेणं बरोबर वाटतं का तुम्हाला?

---

मातीपरीक्षक

ब्रोकरचं 'काहीच करायचं नाही' हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, त्यावर नंतर येतो.

सीआरपी म्हणजे कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, १९८५ च्या फार्म बिलात (अमेरिकेच्या शेतीविषयक मोठ्या कायद्यात) आला. कल्पना जुनी आहे, १९३५ ला डस्ट बोलच्या (तीसच्या दशकातल्या दुष्काळाच्या) धुळीची वादळं वॉशिंग्टनपर्यंत पोचली तेव्हा मृदसंधारणाचं खातंच निघालं, आज ज्याला एनआरसीएस म्हणतात ते, आणि १९५६ ला सॉइल बँक नावाची योजना होती ती सीआरपीची थोरली बहीण. ८५ साली दोन दुखणी एकदम होती, एक तर चढाच्या जमिनी नांगरून माती वाहून चालली होती आणि दुसरं म्हणजे धान्य इतकं पिकत होतं की भाव पडले होते, शेतकरी कर्जात, बँका बुडत होत्या. मग सरकार म्हणालं की वाहून जाणारी जमीन १० ते १५ वर्षं आम्हाला खंडाने द्या, गवत किंवा झाडं लावा, लावण्याचा साधारण अर्धा खर्च आम्ही देतो आणि वर दरसाल खंड. म्हणजे ही सबसिडी असली तरी वागते खंडासारखी, सरकार तुमचं कूळ आहे असं समजा, फक्त हे कूळ पेरत नाही.

रक्कम कशी ठरते तर तुमच्या काउंटीत त्या प्रकारच्या मातीला कोरडवाहू खंड काय चालतो त्यावरून. २०१८ च्या फार्म बिलाने त्यालाही कात्री लावली, सर्वसाधारण नोंदणीला काउंटीच्या सरासरीच्या ८५ टक्के आणि ओढ्याकाठचे पट्टे वगैरे 'कंटिन्युअस' (वर्षभर कधीही अर्ज करायच्या) प्रकाराला ९० टक्के अशी कमाल मर्यादा. तुमचा करार २०३० ला संपतोय म्हणजे बहुतेक २०२० च्या सर्वसाधारण नोंदणीतला, १४८ चा आकडा दक्षिणेकडच्या चढाच्या चिकणमातीला अगदी पटण्यासारखा आहे.

सर्वसाधारण नोंदणीत अर्ज केला की मिळतंच असं नाही. धूप किती, पाण्याचं रक्षण किती, पाखरांना उपयोग किती, सरकारला स्वस्तात पडतं का, याचे गुण देतात आणि देशभरच्या अर्जांशी स्पर्धा असते. तुम्ही जितका कमी खंड मागाल तितके गुण जास्त.

आणि हो, आपोआप काही होत नाही. जमीन तुमच्या नावावर झाली की साठ दिवसांच्या आत काउंटीच्या एफएसए (फार्म सर्व्हिस एजन्सी, कृषी खात्याची शाखा) ऑफिसात जाऊन करारात पुढचा करारदार म्हणून सही करावी लागते. तुम्ही नाही म्हणालात किंवा मुदत उलटली तर करार मोडला जातो आणि आजतागायत मिळालेले सगळे पैसे व्याजासकट परत, वर एका वर्षाच्या खंडाच्या २५ टक्के दंड, आणि हे सगळं विकणाऱ्या आजींच्या गळ्यात येतं. म्हणून त्यांचा वकील खरेदीखतात तसं कलम घालायला सांगेलच, दचकू नका.

---

मोहोळएक्सप्रेस

वाचून हसावं का रडावं कळंना. हिकडं पाच एकरवाला पड ठेवायची म्हणला तर खाणार काय? महाराष्ट्रात शेतकऱ्याकडं सरासरी १.३४ हेक्टर, आणि तुमच्या त्या आयोवात किती हो? मातीपरीक्षक सांगा जरा.

आन संवर्धनाचं म्हणाल तर आमच्याकडं बी गवताचं संवर्धन झालंय बरं का! १९७९ ला माळढोक अभयारण्य झालं, सोलापूर-नगरची मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं, आमचं मोहोळ, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर सगळं आलं. सातबारा आमच्या नावावर, आन माळरान राखायचं पाखरासाठी. खंड? एक रुपाया न्हाई. व्यवहार करायचा तर परवानग्या, बँकेत गेलं तर ते कागद बघून मान हलवायचे. मग लोकांनी काय केलं, माळढोकालाच शिव्या घातल्या. बिचाऱ्या पाखराचा काय दोष. शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं पण तोवर पाखरू बी संपत आलं आन माळ बी नांगरून ऊस लागला.

एकरी १४८ डॉलर सोडा, एकरी चार पोती ज्वारीचे पैसे जरी कोणी दिले असते तर नान्नजच्या माळावर अजून कुसळी वाऱ्यावर हलत असती असं माझं स्पष्ट मत हाय.

---

मातीपरीक्षक

@मोहोळएक्सप्रेस, २०२२ च्या गणनेत आयोवाची सरासरी ३४५ एकर. म्हणजे इथल्या माणसाने २३ एकर गवताला सोडले तरी त्याचं घर चालतं, हा फरक मान्यच.

माळढोकचं तुम्ही बरोबर बोललात. इथे उलट झालं, आधी पैसे देऊन विचारलं म्हणून लोक आले. सुरुवातीला तर इतके आले की १९८५ च्या कायद्यातच काउंटीच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी २५ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायची नाही अशी अट ठेवली होती ती बरी ठरली. कारण अख्खं शेत गवताखाली गेलं की बियाणं कोण घेणार, डिझेल कोण भरणार, कंबाइन कोण दुरुस्त करून घेणार? खेड्यातली को-ऑप आणि अवजारांचं दुकान आधी बसतं, मग शाळेतली पोरं कमी होतात.

---

नुसताचवाचक

अवांतर: मी एच१बीवर आहे, मलाही असं शेत घेता येईल का आयोवात? बायको नको म्हणतेय पण विचारून ठेवतो.

---

कर्जवाली

@नुसताचवाचक, वहिनींचं ऐका. आयोवाच्या कायद्यात जो नागरिक नाही आणि ज्याला ग्रीन कार्डही नाही अशा व्यक्तीला शेतजमीन विकत घ्यायला बंदी आहे, थोडे अपवाद आहेत पण ते तुमच्या कामाचे नाहीत. आणि कुठल्या दुसऱ्या राज्यात घेतलीच तरी अनुदानाच्या नियमांत परदेशी व्यक्तीला पैसे मिळत नाहीत, अपवाद एकच, जमीन, भांडवल यांबरोबर स्वतः शेतात राबत असाल तर. लॅपटॉपवरचं राबणं धरत नाहीत.

@देमॉइनकर, मी छोट्या गावातल्या बँकेत शेतीकर्जं बघते, नवरा इथलाच, सासरे अजून कंबाइन चालवतात. तुमचा शेवटचा प्रश्न, म्हणजे बरोबर वाटतं का, त्यावर मला बोलायचंय कारण मातीवाले काका ते सोडून बाकी सगळं सांगतात (काका रागावू नका).

गवताचे पैसे हे न पेरण्याचे पैसे आहेत म्हणून लोकांना राग येतो, मला त्याचा राग नाही येत. वरच्या अंगाची ती जमीन पेरून दर पावसात ओढ्यात घालण्यापेक्षा गवत बरं. माझा मुद्दा हा की ते पैसे जमीन ज्याची त्याला जातात, आणि जमीन कोणाची आहे बघा. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २०२२ च्या पाहणीत निम्म्याहून खूप जास्त, ६६ टक्के जमीन पासष्टीच्या पुढच्या लोकांची निघाली. शिकागोच्या पत्त्यावरची नावं म्हणजे बहुतेक अशाच कोणाची तरी मुलं, आईबाप गेले, जमीन राहिली. आता समजा गावातला पंचविशीचा मुलगा त्या जमिनीचा खंड विचारायला गेला, त्याच्या समोर स्पर्धेला कोण तर सरकार! सरकार खंड बुडवत नाही, दुष्काळ पडला म्हणून सूट मागत नाही, ऑक्टोबरात बरोबर पैसे टाकतं. मालकीण बाई ८० वर्षांच्या, त्या कोणाला देतील? माझ्याकडे असे तरुण येतात, खाली मान घालून बसतात, काय सांगू त्यांना. २०१८ ला ती ८५ टक्क्यांची मर्यादा आली त्यामागे हीच तक्रार होती.

आणि दुसरी बाजू पण सांगते नाहीतर मी एकांगी वाटेन. हे गवत कायमचं नाही. २००७ साली देशात सीआरपीखाली ३ कोटी ६८ लाख एकर होते, महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मं क्षेत्र! मग मक्यापासूनचं इथेनॉल आलं, २०१२ च्या दुष्काळात मका बुशेलला (साधारण २५ किलोला) सात डॉलरच्या वर गेला, करार संपला की लोकांनी नांगर घातला. सासरे सांगतात की आमच्या रस्त्यावर एका वसंतात पाच शेतं काळी झाली. २०२० च्या आसपास आकडा २ कोटी २० लाखांपर्यंत खाली आला होता. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं सरकारने ज्या मातीचा खंड भरला ती माती एका भाववाढीत परत ओढ्याला. करदात्याच्या जागी मी असते तर मी विचारलं असतं की आम्ही नक्की विकत काय घेतलं, कारण दहा वर्षांच्या करारात दहाच वर्षं मिळतात आणि मका महागला की करार संपलेला बरा असं मालकाला वाटतंच, त्यात त्याचं तरी काय चुकलं.

---

देमॉइनकर

बापरे, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, धन्यवाद. कर्जवाली ताई, तुमचं वाचून जरा अपराधी वाटायला लागलं, पण ४० एकर आणि २३ एकराचे ३,४०४ डॉलर म्हणजे काही मी जमीनदार होणार नाहीये, प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा जाऊन काय उरेल तेवढंच.

आणि एक गोष्ट, २०२५ च्या जूनमध्ये देमॉइनमध्ये लॉनला पाणी घालायला बंदी आली होती, नदीत नायट्रेट इतकं वाढलं की ते काढायची यंत्रणा पुरी पडेना. माझ्या नळाला येणारं पाणी कोणाच्या तरी शेतातून येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. त्यामुळे गवताच्या बाजूने मी आधीच थोडा झुकलेलो आहे.

शनिवारी परत जाऊन गवतात शिरलो. खांद्याएवढं उंच, वरती तीन बोटांसारखे तुरे, आणि मधे मधे चार-पाच फुटांची सीडरची झाडं उगवलेली, बरीच, एका कोपऱ्यात तर झुडपांची जाळीच झालीय. काटेरी जांभळ्या फुलांचं काहीतरी पण होतं. हे असंच असतं का?

---

मातीपरीक्षक

नाही, असंच नसतं, आणि इथेच ब्रोकरचं 'काहीच नाही' उघडं पडतं.

तीन बोटांचे तुरे म्हणजे बिग ब्लूस्टेम, ते उत्तम, मूळचं प्रेअरीचं म्हणजे इथल्या माळरानाचं गवत, मुळं आठ-दहा फूट खाली जातात. सीडर मात्र दुर्लक्षाची खूण. काटेरी जांभळं म्हणजे थिसल, ते राज्याच्या तणांच्या यादीत आहे, ते मारायची जबाबदारी करारदाराची म्हणजे उद्या तुमची. करारात एक संवर्धन आराखडा जोडलेला असतो, त्यात मधल्या वर्षांत गवताची मशागत लिहिलेली असते, जाळणं किंवा हलका डिस्क फिरवणं वगैरे. २०२० चा करार म्हणजे ते आत्तापर्यंत व्हायला हवं होतं. झालं नसेल तर विचारा की कोण करणार आणि कोणाच्या पैशाने. आणि उत्साहाच्या भरात मोवर घेऊन जाऊ नका, आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट पाखरांचा विणीचा काळ, त्यात कापलं तर कराराचा भंग. जाळायचं तर स्वतः काडी लावू नका, भोवती पट्टा कापून, वारा बघून, माहितगार माणसं घेऊन करतात, वसंतात.

अजून एक, बियाणं कुठून आणलं होतं त्याची पावती मागा. २०१६ ला आयोवात फुलपाखरं-मधमाश्यांसाठीच्या मिश्रणातून पामर अमरांथ नावाचं तण बऱ्याच काउंट्यांत शिरलं, आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातलं पण महाखट, एका रोपाला लाखो बिया आणि बऱ्याच तणनाशकांना दाद देत नाही. तुमचं मिश्रण नंतरचं आहे, तपासून घेतलेलं असेल, तरी ओढ्याकाठी एकदा बघा.

आता खालच्या ओढ्याबद्दल. वरच्या सोयाबीनच्या रानातून पाणी कुठे उतरतं ते पावसात बघा. तिथे प्रेअरीचे पट्टे टाकता येतात, आयोवा स्टेटच्या प्रयोगांत शेताच्या १० टक्के भागात पट्टे घातले तर माती वाहणं ९५ टक्क्यांपर्यंत कमी झालं, आणि २०१८ नंतर त्या पट्ट्यांना सीआरपीत वेगळा प्रकारच आहे. कर्जवाली ताईंच्या तरुणाला वरचं रान खंडाने द्या, पट्टे तुम्ही घ्या, दोघांचंही भागेल. शिवाय एनआरसीएसची ईक्विप नावाची वेगळी योजना आहे, त्यात पीक चालू ठेवून आच्छादन पीक, पाण्याच्या वाटा वगैरेंना खर्चाचा मोठा हिस्सा मिळतो, नव्या शेतकऱ्याला तर ९० टक्क्यांपर्यंत. आपल्या ठिबकच्या अनुदानासारखीच गोष्ट, आधी मंजुरी मग काम. मंजुरीआधी खड्डा खणला की संपलं.

---

मोहोळएक्सप्रेस

ह्ये बाकी सेम टू सेम. आमच्यात बी पूर्वसंमती यायच्या आधी नळ्या आणल्या की फाईल गेली. ८० टक्के म्हणत्यात पण आधी खिशातनं घालायचं.

मला एकच सांगा, गवत खांद्याएवढं हाय म्हणता, मग कापून जनावरांना घालता येतं का न्हाई? का नुसतं बघत बसायचं? आमच्या आबांना सांगितलं तर ते म्हणतील इतकं गवत उभं वाळवायचं म्हंजे पाप हाय.

---

कर्जवाली

आबांना सांगा घालता येतं, पण विचारून. काउंटीत दुष्काळ ठराविक पातळीला पोचला की आणीबाणीची कापणी-चराई उघडतात, तीही विणीचा काळ टाळून. एरवी काही वर्षांच्या अंतराने परवानगी मिळते पण त्या वर्षीच्या रकमेतून २५ टक्के कापून घेतात. पाळी चुकवून कापलं तर शेजारी फोन करतात, गाव लहान आहे. एफएसएची काउंटी कमिटी म्हणजे शेतकऱ्यांतूनच निवडून आलेली माणसं, कोणाचं गवत कधी हललं ते त्यांना ऑफिसच्या आधी माहीत असतं.

देमॉइनकर, सहीच्या आधी चार कागद मागा: मूळ करार, त्याचा नकाशा, संवर्धन आराखडा, आणि काही मशागत झाली असेल तर तिच्या नोंदी. २३ एकर म्हणतायत ते नकाशावर २३ च आहेत का ते बघा, मी २३ चे २०.६ झालेले पाहिलेत. ऑक्टोबरचा हप्ता सरलेल्या वर्षाचा असतो, तो आजींचा की तुमचा की तारखेप्रमाणे वाटून, हे खरेदीखतात लिहून घ्या, तोंडी नको. तुमचा कर भरून देणाऱ्याला आधीच सांगा, कारण स्वतः शेती न करणाऱ्याच्या सीआरपीच्या पैशावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वयंरोजगाराच्या कमाईवरचा कर) लागत नाही असा आठव्या सर्किट कोर्टाचा (केंद्रीय अपील कोर्टाचा) २०१४ चा निकाल आहे, आयोवा त्याच सर्किटात येतं, पण आयआरएसला म्हणजे कर खात्याला तो मान्य नाही.

आणि सीडर काढायचा खर्च किमतीतून वळता करून मागा. आजी गोड असतील पण त्यांचा मुलगा वाटाघाटीला बसेल, तो गोड नसतो.

---

देमॉइनकर

मुलगाच बसलाय, मिनिआपोलिसहून. सीडरचा विषय काढला तर म्हणाला ती झाडं 'नैसर्गिक सौंदर्य' आहेत. सोमवारी एफएसएला फोन करून आराखडा मागतोय, मग बोलू त्याच्याशी.